कल्पनेचा सातबारा



आजचं व्याख्यान मी डॉ. जयंत नारळीकर यांच्या स्मृतीला वाहतो आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. जग त्यांना खगोलशास्त्रज्ञ म्हणून ओळखत होतं, आपल्याला ते विज्ञानकथाकार म्हणूनही तितकेच जवळचे होते. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिकत तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकली असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात धाडली. पहिलं बक्षीस या जगतापांना मिळालं!

आता बघा. ‘नारळीकर’ या नावाला तेव्हाही मोठं मोल होतं. ते नाव त्यांचं होतं, म्हणून ते बाजूला ठेवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. पण ‘कृष्णविवर’ हा शब्द? तो आपला आहे असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांच्यानंतर मराठीत कितीतरी जणांनी कृष्णविवरांवर लिहिलं. कोणी परवानगी मागितली? मागायची तरी कोणाकडे?

हा प्रश्न विचित्र वाटतो ना? पण जगात असे शब्द आहेत, ज्यांच्यासाठी परवानगी मागायची वेळ लेखकांवर आली. विज्ञानकथेत वर्षानुवर्षं सगळ्यांनी वापरलेले, कोणा एकाचे नसलेले शब्द काही कंपन्यांनी ट्रेडमार्क म्हणून नोंदवले आणि मग इतरांना नोटिसा धाडल्या. आज मी चार मुद्दे मांडणार आहे. ट्रेडमार्क मुळात कशासाठी असतो, जगात काय घडलं, विज्ञानकथेच्याच शब्दांवर ही वेळ का येते, आणि आपला कायदा काय म्हणतो. शेवटी आपण करण्यासारखं एक काम सांगेन.

पहिला मुद्दा. ट्रेडमार्क कशासाठी?

हे जालना जिल्ह्यात फार समजावून सांगायला नको. बियाण्यांच्या व्यवसायात या जिल्ह्याचं नाव देशभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली. जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात उभा राहिलेला शेतकरी पिशवीवरचं नाव आणि चिन्ह बघूनच बियाणं घेतो. आतला दाणा खरा की खोटा, हे त्याला पेरल्याशिवाय कळत नाही. उद्या कोणी भलतंच बी तशाच पिशवीत, त्याच नावानं विकलं तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, वर्ष जातं. म्हणून चिन्हाला कायद्याचं संरक्षण हवंच. माझा ट्रेडमार्कला विरोध नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. खोट्या मालापासून गिऱ्हाइकाला वाचवणारी ती गोष्ट आहे.

पण याच उदाहरणात दुसरी बाजूही आहे. कंपनीचं नाव कंपनीचं, ते राखलंच पाहिजे. मात्र त्या काळात ‘संकरित बियाणं’ ही गोष्ट शेतकऱ्याला नवी होती, शब्दही नवा होता. समजा, कोणी ‘संकरित’ किंवा ‘हायब्रीड’ हाच शब्द आपल्या नावावर नोंदवून घेतला असता तर? इतरांनी आपला माल काय सांगून विकला असता? शेतकऱ्याने दुकानात काय म्हणून मागितलं असतं? माल कोणाचा, हे सांगणारा शब्द एकाचा असू शकतो. माल काय आहे, हे सांगणारा शब्द एकाचा असू शकत नाही. ट्रेडमार्कचा सगळा कायदा या फरकावर उभा आहे.

दुसरा मुद्दा. जगात काय घडलं?

एम. सी. ए. होगार्थ या अमेरिकी लेखिकेची ‘स्पॉट्स द स्पेस मरीन’ नावाची कादंबरी ॲमेझॉनवर ई-पुस्तक म्हणून विक्रीला होती. डिसेंबर २०१२ मध्ये ती तिथून उतरवण्यात आली. का? गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीची तक्रार आली म्हणून. ही कंपनी ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ आणि त्यातल्या छोट्या बाहुल्या विकते. त्या खेळात ‘स्पेस मरीन’, म्हणजे अंतराळात लढणारे सैनिक आहेत, म्हणून हा शब्द आमचा, असं कंपनीचं म्हणणं.

पण हा शब्द किती जुना? बॉब ओल्सन या लेखकाने १९३२ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात लिहिलेल्या कथेच्या शीर्षकातच ‘स्पेस मरीन्स’ होते. १९३९ मध्ये रॉबर्ट हाइनलाइनने तो शब्द वापरला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला १९८७ मध्ये! आधी पंचावन्न वर्षं शब्द वाचकांच्या तोंडी, मग खेळ, आणि मग मालकी. लेखिकेची बाजू भक्कम होती, पण ती कोर्टात मांडायची तर वकिलाचा खर्च पुस्तकाच्या कमाईच्या कितीतरी पट होता. तिने ही गोष्ट जाहीरपणे मांडली. वाचक, लेखक तिच्या बाजूने उभे राहिले, डिजिटल हक्कांसाठी काम करणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था मदतीला आली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पुस्तक परत विक्रीला लागलं. कुठल्याही न्यायाधीशाने तिच्याविरुद्ध निकाल दिला नव्हता. पुस्तक उतरवायला एक पत्र पुरलं होतं. मित्रहो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट ‘सुपरहीरो’ची. हा शब्द आपल्या गावातल्या चौथीतल्या मुलालाही येतो. अमेरिकेत तो मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांनी संयुक्तपणे, चार दशकांहून अधिक काळ, ट्रेडमार्क म्हणून धरून ठेवला होता. ट्रेडमार्क म्हणजे माल कोणाचा हे सांगणारी खूण. मग एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या दोन कंपन्यांची एकच खूण कशी? त्या खुणेवरून गिऱ्हाइकाने माल कोणाचा म्हणून ओळखायचा? तरीही ही नोंद टिकली. लंडनमधल्या ग्रॅहम ज्यूल्स नावाच्या लेखकाने धंदा सुरू करण्याविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘सुपरहीरो’ हा शब्द घातला, तेव्हा त्यालाही या कंपन्यांनी विरोध केला. तो वकिलाशिवाय लढला, आणि २०१६ मध्ये कंपन्यांनी माघार घेतली. पुढे ‘सुपर बेबीज’ या छोट्या मुलांच्या कॉमिकच्या कर्त्यांनी मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे ही नोंदच रद्द करण्याचा अर्ज केला. मार्व्हल आणि डीसीने मुदतीत उत्तरही दिलं नाही! सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदी रद्द झाल्या. चाळीसहून अधिक वर्षं ज्या हक्काचा धाक होता, तो वेळ आल्यावर मांडायलासुद्धा कोणी आलं नाही.

तिसरी, ‘सायबरपंक’. ब्रूस बेथकी यांच्या १९८३ मध्ये छापून आलेल्या कथेचं हे शीर्षक. पुढे विज्ञानकथेच्या एका संपूर्ण प्रवाहाला हेच नाव पडलं. पोलंडमधली सीडी प्रोजेक्ट ही कंपनी याच नावाचा व्हिडिओ गेम करत होती. तिच्याकडे या शब्दाचा ट्रेडमार्क आहे हे २०१७ मध्ये सर्वांच्या नजरेला आलं आणि मोठा गदारोळ झाला. कंपनीने खुलासा केला की, सर्वसाधारण अर्थानं शब्द वापरणाऱ्यांना आम्ही त्रास देणार नाही. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण माझा प्रश्न असा आहे: साहित्यातल्या एका प्रवाहाचं नाव आपल्या पुस्तकावर लिहायचं, तर लेखकाने कंपनीच्या सौजन्यावर का अवलंबून राहावं? आजचे मालक सज्जन असतील. कंपनी उद्या विकली गेली तर नवा मालकही तसाच असेल, याची हमी कोण देणार?

चौथी, ‘ड्रॉइड’. २००९ मध्ये मोटोरोलाचा ‘ड्रॉइड’ फोन आला, तेव्हा जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की, हा शब्द लुकासफिल्मचा ट्रेडमार्क असून परवानगीने वापरला आहे. ज्यात यंत्रमानवांना ‘ड्रॉइड’ म्हणतात, तो लुकासफिल्मचा ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७ चा. आणि मारी वुल्फ या लेखिकेने यंत्रमानवांवरच्या कथेत ‘ड्रॉइड’ हा शब्द वापरला तो १९५२ मध्ये.

एक चांगलं उदाहरणही सांगतो. अमेरिकेत ‘साय-फाय’ नावाची वाहिनी १९९२ पासून होती. ‘साय-फाय’ म्हणजे विज्ञानकथा हा साहित्यप्रकारच. तो शब्द आपल्या एकट्याचा होऊ शकत नाही हे ओळखून वाहिनीने २००९ मध्ये आपल्या नावाचं स्पेलिंग बदललं. लोकांनी तेव्हा नावं ठेवली. मला मात्र ती सरळ वाट वाटते. वेगळी ओळख हवी असेल तर वेगळं नाव घ्या.

तिसरा मुद्दा. विज्ञानकथेच्याच शब्दांवर ही वेळ का येते?

इथे थोडं बारकाईनं बघू. कायदा शब्दांची प्रतवारी लावतो. मालाचं वर्णन करणाऱ्या शब्दाला संरक्षण जवळजवळ नाही. ज्याला बाजारात आधी काही अर्थच नव्हता, अशा बनवलेल्या शब्दाला सर्वात जास्त संरक्षण. एरवी हे योग्यच आहे. पण विज्ञानकथेत काय होतं? तिथला शब्द बनवलेलाही असतो आणि वर्णन करणाराही असतो! कथेच्या आत ‘स्पेस मरीन’ हे सैनिकाचं साधं वर्णन आहे, जसं आपण ‘घोडेस्वार’ म्हणू. पण नोंदणी कार्यालयातल्या टेबलावर तो शब्द आला की अंतराळातले सैनिक कुठे आहेत? कुठेच नाहीत. मग अधिकाऱ्याला तो खास घडवलेला, वेगळा शब्द वाटतो, आणि त्यावर शिक्का बसतो. जी वस्तू अजून जगात नाही, तिचं सर्वसाधारण नाव बाजाराला खास नाव वाटतं. ही खरी अडचण आहे.

आणि वस्तू नेहमी कल्पनेतच राहते असंही नाही. कारेल चापेक यांनी १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकाने जगाला ‘रोबो’ दिला. आज कारखान्यात, शस्त्रक्रियागृहात रोबो आहेत. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या कादंबरीतून ‘मेटाव्हर्स’ आला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकच्या कंपनीने त्यातला अर्धा शब्द उचलून आपलं नाव ‘मेटा’ केलं. विचार करा, ‘रोबो’ या शब्दाचा मालक १९२१ मध्येच कोणी झाला असता तर? आयझॅक असिमोव्हच्या कथा कशा लिहिल्या गेल्या असत्या? पुढच्या अभियंत्यांनी आपल्या यंत्राला काय म्हटलं असतं?

विज्ञानकथा एकमेकांच्या खांद्यावर उभी राहून वाढते. एकाने कालयंत्र कल्पिलं, दुसऱ्याने त्यातून भूतकाळात माणूस पाठवला, तिसऱ्याने विचारलं की, त्या माणसाने आपल्याच आजोबांना गाठलं तर? प्रत्येकाने कालयंत्राला नवं नाव द्यायचं ठरवलं असतं, तर वाचकाला दर कथेत पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं असतं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठीत हा प्रकार वाढवला, तो समाईक शब्दांच्या बळावर. परग्रहवासी, यंत्रमानव, उडती तबकडी हे शब्द वाचक आधीच ओळखत होता, म्हणून लेखकाला थेट कथेला हात घालता आला.

तुमच्या गावाचा इतिहासच इथे मला साक्षीला बोलवावासा वाटतो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी इतक्या दूरच्या वास्तूसाठी दान दिलं आणि आपलं नाव, आपल्या गावाचं नाव दगडावर कोरून ठेवलं. देणाऱ्याचं नाव त्याच्या दगडावर, आणि प्रदक्षिणेची वाट सगळ्यांसाठी मोकळी! नाव कोरलं म्हणून वाट अडवण्याचा हक्क कोणाला मिळाला नाही. साहित्यात मला हीच व्यवस्था हवी आहे. लेखकाचं नाव राखा, त्याने घडवलेलं पात्र राखा, त्याची कथा राखा. वाट मोकळी ठेवा.

चौथा मुद्दा. आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ आहे. तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याचं नववं कलम सांगतं की, ज्या शब्दातून मालाचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग कळतो, किंवा जो शब्द चालू भाषेत, व्यापाराच्या रूढीत सर्रास झाला आहे, तो नोंदवता येत नाही. अपवाद आहे: दीर्घ वापराने त्या शब्दाला एकाच मालकाची ओळख मिळाली असेल तर. या अपवादावरच पुष्कळ भांडणं होतात.

आपल्या न्यायालयांनी काय केलं, याची दोन उदाहरणं. एका व्यापाऱ्याने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या शब्दावर हक्क सांगितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एका व्यापाऱ्याची मक्तेदारी होऊ शकत नाही. दुसरं आपल्या मुंबई उच्च न्यायालयातलं. ‘शादी डॉट कॉम’ चालवणाऱ्या कंपनीने पुनर्विवाह जुळवणाऱ्या ‘सेकंड शादी डॉट कॉम’ या संकेतस्थळाविरुद्ध मनाई मागितली. २०१६ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. लग्न जुळवणाऱ्याने ‘शादी’ हा शब्द वापरायचा नाही, तर कोणता वापरायचा? याआधी त्याच कंपनीला दुसऱ्या एका प्रकरणात, जिथे नावाची नक्कल करून गिऱ्हाईक पळवलं जात होतं, तिथे मनाई मिळालीही होती. म्हणजे न्यायालय आंधळेपणानं कुठल्याच बाजूला जात नाही. फसवणूक असेल तर ती थांबवतं, शब्दावर मालकी मात्र देत नाही.

तरी निर्धास्त राहण्यासारखी परिस्थिती नाही. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ ही लष्करी कारवाई झाली, आणि त्याच दिवशी ते नाव मनोरंजनाच्या वर्गात ट्रेडमार्क म्हणून मागणारे अर्ज दाखल झाले. रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजचा अर्ज दुसऱ्या दिवशी मागे घेण्यात आला. ज्या वेगाने देशाच्या कारवाईच्या नावावर अर्ज पडतात, त्या वेगाने उद्या ‘यंत्रमानव’ किंवा ‘परग्रहवासी’ या शब्दांवर पडणार नाहीत कशावरून? मराठीत वेब मालिका आहेत, मोबाइलवरचे खेळ आहेत, बोलकी पुस्तकं आहेत. बाजार मोठा होतो तशी शब्दांवरची नजरही वाढते.

म्हणून चार तरतुदी लक्षात ठेवा. मुलांनी वहीत टिपून घेतल्या तर मला आनंद होईल. एक, नोंदणीपूर्वी प्रत्येक अर्ज ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. ते दर आठवड्याला निघतं आणि इंटरनेटवर फुकट बघता येतं. तेव्हापासून चार महिन्यांच्या आत कोणीही नागरिक विरोध नोंदवू शकतो. ऑनलाइन विरोधाचं शुल्क एका वर्गासाठी २,७०० रुपये आहे. दोन, नोंद झाली म्हणजे विषय संपला असं नाही. सत्तावन्नाव्या कलमाखाली चुकीची नोंद रद्द करून घेता येते. तीन, नोंदवून पाच वर्षं वापरच केला नाही, तर सत्तेचाळिसाव्या कलमाखाली नोंद काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. आणि चार, ही सगळ्यात कमी माहीत असलेली. कोणी बिनबुडाची कारवाईची धमकी दिली, तर एकशे बेचाळिसाव्या कलमाखाली धमकी मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊन ती थांबवण्याची आणि नुकसानभरपाईची मागणी करू शकतो. मालकाने वेळेत खराखुरा दावा लावला, तर मात्र हे कलम लागू होत नाही. पण नुसत्या पत्रावर भीती घालणाऱ्यांना ते उत्तर आहे.

कारण खरा शत्रू कायदा नाहीच. खरा शत्रू भीती आहे. होगार्थबाईंचं पुस्तक एका पत्राने उतरलं होतं. ज्याला वकील परवडत नाही, तो लेखक पत्र आलं की शीर्षक बदलतो, पुस्तक मागे घेतो, पुढची कथा लिहीतच नाही. त्याची नोंद कुठल्याच न्यायालयात होत नाही. भोकरदनमध्ये, सिल्लोडमध्ये, जाफराबादमध्ये मोबाइलवर कथा लिहिणारी पोरं-पोरी आज आहेत. त्यांना असं पत्र येईल तेव्हा ती एकटी असता कामा नयेत.

एकत्र येऊन हक्क कसा सांगायचा, हे या जिल्ह्याला शिकवायला नको. ‘जालना मोसंबी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कोणा एका व्यापाऱ्याचं झालं नाही. या मातीत ती मोसंबी पिकवणारा, नियमाने नोंद केलेला प्रत्येक बागायतदार ते वापरू शकतो. बाहेरच्याने खोटं नाव लावलं तर सगळे मिळून अडवू शकतात. समाईक मालमत्तेची राखण करायला मालक एकच असावा लागत नाही, हे तुमच्या बागांनी दाखवून दिलं आहे.

आता शेवटचं, करायच्या कामाचं. ‘स्पेस मरीन’च्या वादात लेखिकेच्या बाजूने सर्वात जड पुरावा कोणता होता? १९३२ सालचं एक मासिक. शब्द आधीपासून सगळ्यांच्या वापरात होता, हे छापील तारखेसह दाखवता आलं, म्हणून दावा पोकळ ठरला. इंग्रजीत आता विज्ञानकथेच्या शब्दांचा ऐतिहासिक कोश आहे. जेसी शाइडलोवर या कोशकाराने तो २०२१ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. कोणता शब्द कोणी, कोणत्या साली, कोणत्या अंकात वापरला, हे त्यात उताऱ्यासह मिळतं. वाचकांनी जुनी मासिकं चाळून त्याची सामग्री गोळा केली.

मराठीत असा कोश का नसावा? १९२८ पासून निघणारं ‘सृष्टिज्ञान’ मासिक आपल्याकडे आहे. अंतरकरांचं ‘नवल’ मासिक आहे, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, दिवाळी अंकांचे ढीग आहेत. यातलं पुष्कळ तालुक्यातालुक्यांच्या ग्रंथालयांत, शाळांच्या कपाटांत, निवृत्त शिक्षकांच्या घरात पडून आहे, आणि दरवर्षी त्यातलं काही रद्दीत जातं. भोकरदनच्या शाळा-महाविद्यालयांनी या कामाची सुरुवात करावी अशी माझी विनंती आहे. एक जुना अंक उघडा. त्यातला विज्ञानकथेचा शब्द शोधा. शब्द, वाक्य, लेखक, अंक, साल आणि पानाचा क्रमांक एवढं लिहा. त्या पानाचा फोटो काढा. जमलेल्या नोंदी दरवर्षी मराठी विज्ञान परिषदेकडे पाठवा. खर्च जवळपास नाही, परवानगी कोणाची लागत नाही, आणि आठवीतला विद्यार्थीसुद्धा हे करू शकतो.

ज्या दिवशी कोणी ‘यंत्रमानव आमचा’ म्हणून मराठी लेखकाला नोटीस धाडेल, त्या दिवशी त्या लेखकाच्या हाती भोकरदनच्या एखाद्या मुलीने टिपलेली तारीख असली पाहिजे. ती नोंद उद्यापासून लिहायला घ्या.